जास्वंदीचा एक मिलिमीटर
वाचकांचे प्रश्न : फुलांची जवळून घेतलेली छायाचित्रे

श्रावणाच्या अंकात या सदरातून फुलांच्या छायाचित्रणाविषयी प्रश्न मागवले होते आणि जमल्यास प्रश्नासोबत मनासारखे न आलेले एखादे छायाचित्रही पाठवावे, अशी विनंती केली होती. मोगल काळात ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, त्या नाशिकचे वाचक या विषयावर भरभरून लिहितील असे वाटले होते आणि तसेच झाले. सगळ्याच पत्रांना येथे जागा देणे शक्य नाही. म्हणून ज्या प्रश्नांत इतर अनेकांच्या अडचणी आपोआप येऊन जातात, असे सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर हौसेने १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून छायाचित्र घेण्याची) घेतली. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, एपीएस-सी या मध्यम आकाराचा आहे. गच्चीवरील जास्वंदीची छायाचित्रे मी एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) मोठे उघडून घेतो, कारण त्यामुळे मागचे सगळे छान धूसर होते. परंतु संगणकावर पाहिले की फुलाचा कोणताच भाग धड स्पष्ट नसतो. लेन्समध्ये दोष असेल का? ट्रायपॉड नसल्यामुळे असे होते, असे दुकानदाराचे म्हणणे आहे.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर

उत्तर : लेन्समध्ये दोष नाही, हे आधी निःशंकपणे सांगतो. आपण पाठवलेल्या पाच छायाचित्रांपैकी तिसरे मी पडद्यावर पूर्ण आकारात पाहिले. जास्वंदीच्या फुलातून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या टोकाशी मखमलीसारखे पाच लाल गोंडे असतात. त्या फुलाच्या कुक्षी. त्यांपैकी डावीकडच्या एका गोंड्यावरची लव आपल्या छायाचित्रात अगदी मोजता येईल इतकी स्वच्छ उतरली आहे आणि त्याला जवळजवळ खेटून असलेला दुसरा गोंडा मात्र पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. ज्या लेन्सने एका गोंड्याची लव टिपली, ती लेन्स चोखच म्हटली पाहिजे. फुलाचा कोणता भाग स्पष्ट यावा हे आपण ठरवले नव्हते, म्हणून ते कॅमेऱ्याने परस्पर ठरवून टाकले, एवढीच यातली मेख आहे.

जवळून छायाचित्र घेताना स्पष्टतेचा पल्ला किती आखूड होतो, याची कल्पना आकड्यांवाचून येत नाही. आपल्या सेन्सरची रुंदी साधारण २३ मिमी आणि उंची १५-१६ मिमी आहे. दहा सेंटिमीटरचे अख्खे फूल चौकटीत बसवले, तर सेन्सरवरची प्रतिमा मूळ फुलाच्या सुमारे एक षष्ठांश असते. अशा वेळी एफ/२.८ वर फोकसच्या पुढचा आणि मागचा भाग मिळून जेमतेम ५ मिमी स्पष्ट येतो. छिद्र बारीक करून एफ/११ वर आणले की हाच पल्ला १८ मिमीच्या आसपास जातो. मात्र आणखी जवळ जाऊन प्रतिमा मूळ वस्तूच्या आकाराएवढी केली (खरे मॅक्रो ते हेच), की एफ/११ वरही हा पल्ला एक मिलिमीटरच्या आत येतो आणि एफ/२.८ वर पाव मिलिमीटरही उरत नाही. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात दोन गोंड्यांमधल्या तेवढ्याशा अंतरानेच घात केला आहे.

म्हणून पहिला उपाय ॲपर्चरचा नसून उभे राहण्याच्या जागेचा आहे. जास्वंदीचे फूल कर्ण्यासारखे असते आणि त्याचा दांडा पाकळ्यांतून चांगला लांबवर बाहेर येतो. आपण फुलाच्या बरोबर समोर उभे राहता, त्यामुळे दांडा सरळ लेन्सच्या रोखाने येतो. टोक स्पष्ट आले तर पाकळ्या जातात, पाकळ्या साधल्या तर टोक जाते. त्याऐवजी नव्वद अंशांत वळून फुलाच्या बाजूला या. आता तोच दांडा सेन्सरला समांतर झाला. त्याच्यावर उभ्या असलेल्या पिवळ्या परागकोशांची रांगच्या रांग आणि टोकाचे गोंडे जवळजवळ एकाच पातळीत आले. फुलाचा जो भाग आपल्याला दाखवायचा आहे, त्याला कॅमेऱ्याची पाठ समांतर धरायची, ही सवय लागली की निम्म्याहून अधिक छायाचित्रे सुधारतात, असा माझा अनुभव आहे. झेंडूसारख्या चापट फुलाला समोरून जाता येते. जास्वंद, गोकर्ण, तेरडा या फुलांना सहसा बाजूने जावे.

त्यानंतर ॲपर्चर. संपूर्ण फुलासाठी एफ/८ ते एफ/११ ठेवून पाहा. मागची भिंत दूर असेल, तर एफ/८ वरही पार्श्वभूमी पुरेशी धूसर राहते. ‘मग एफ/२२ का नको?’ असे आपल्याला वाटेल. छिद्र फार बारीक केले की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. त्यात, मूळ आकाराएवढी प्रतिमा घेताना एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ सारखे वागते, कारण इतक्या जवळून दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे एक चतुर्थांशच उरतो. म्हणून अगदी जवळून घेताना एफ/११ च्या पुढे जाणे मी टाळतो.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. ट्रायपॉडमुळे कॅमेरा हलत नाही, पण फूल हलतेच. वारा नसेल तेव्हा ट्रायपॉड उत्तम. एरवी कोपरे गुडघ्यांवर टेकवून बसा, स्वयंचलित फोकस बंद करून लेन्सवर एकदा अंतर ठरवून ठेवा आणि मग फोकसच्या कड्याला हात न लावता स्वतःच अगदी सावकाश पुढे झुका. हवा तो गोंडा स्पष्ट दिसताच चार-पाच छायाचित्रे एका दमात घ्या. शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा कमी ठेवू नका. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तरी बिचकू नका, कारण थोडी रवाळ प्रतिमा सहन होते, हललेली होत नाही. एकाच फुलाची फोकस पुढे-पुढे सरकवत घेतलेली अनेक छायाचित्रे संगणकावर जोडण्याचीही पद्धत आहे. परंतु तिला अजिबात न हलणारे फूल लागते. ते पुढच्या टप्प्यावर पाहू.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. गोदाकाठच्या फुलबाजारात मी सकाळी छायाचित्रे घेते. फोन शेवंतीच्या जवळ नेला की चित्र एकदम बदलते, फूल विचित्र मोठे दिसते आणि कडा ताणल्यासारख्या होतात. ऑनलाइन मिळणारी चिमट्याची लेन्स घ्यावी का?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : आपला फोन ‘एकदम बदलतो’ तेव्हा तो मुख्य कॅमेरा सोडून रुंद कोनाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे जातो. आजच्या बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा दहा ते वीस सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही; रुंद कोनाचा कॅमेरा ते करू शकतो, म्हणून फोन आपल्याला न विचारता त्याच्याकडे वळतो. रुंद कोनाचा कॅमेरा फुलाला टेकवल्यागत जवळ नेला की पुढच्या पाकळ्या फुगतात, मागच्या आक्रसतात, आणि फोनची सावलीही नेमकी फुलावर पडते. सेटिंगमध्ये ही आपोआप होणारी अदलाबदल बंद करता येत असेल, तर आधी ती बंद करा. मग फूट-दीड फूट मागे सरका आणि दुप्पट झूमवर चित्र घ्या. फोनला दूरच्या दृश्यासाठी वेगळी लेन्स असेल, तर तीही वापरून पाहा. मागे सरकून घेतलेले आणि नंतर कातरून जवळ आणलेले चित्र, जवळ जाऊन घेतलेल्या चित्रापेक्षा बहुधा सरस ठरते.

पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाश दोन्ही तेथेच बांधले जातात. त्यानंतर बोट खाली ओढून प्रकाश थोडा कमी करा. चिमट्याची लेन्स जरूर घ्या, पण ती मोगऱ्याच्या कळीसाठी किंवा पाकळीवरच्या शिरांसाठी. तिच्यातून चित्राचा मधला भागच चांगला येतो आणि कडा वाहून जातात, तेव्हा विषय मधोमध ठेवा.

एक सूचना बाजारापुरती. सकाळी त्या ठिकाणी माणसे पोटापाण्याच्या घाईत असतात. ज्यांच्या पाटीतल्या शेवंतीचे छायाचित्र घ्यायचे, त्या मावशींना आधी विचारावे आणि निघताना गजरा किंवा पावशेर फुले विकत घ्यावीत. दुसऱ्या दिवशी त्याच आपल्यासाठी चांगल्यातली पाटी उन्हाकडे वळवून ठेवतात.

प्रश्न : देवाला वाहण्यासाठी घरी जास्वंद, मोगरा, तगर लावली आहे. डोळ्यांना जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरा स्पष्ट दिसतात, पण छायाचित्रात नुसता लाल डाग येतो. उलट मोगरा मळकट, करडा येतो. बाल्कनीत ऊन भरपूर आहे.
— एक गृहिणी, सिडको

उत्तर : आपण दोन्ही फुले शेजारी ठेवून विचारलेत ते फार बरे केले, कारण दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे धरून चालते. मोगऱ्याने चौकट भरली की त्याला वाटते उजेड फार झाला. म्हणून ते चित्र काळवंडवते आणि शुभ्र फूल धुतलेल्या पण निळ न घातलेल्या कापडासारखे दिसते. पांढऱ्या फुलासाठी कॅमेऱ्यातली प्रकाशाची दुरुस्ती (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) +२/३ ते +१ करावी.

जास्वंदीचे दुखणे याहून थोडे खोल आहे. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो. जास्वंदीकडून येणारा प्रकाश जवळजवळ सगळा लाल, त्यामुळे लाल रंगाचा हंडा काठोकाठ भरून वाहू लागतो, तेव्हा उरलेले दोन्ही अर्ध्यापेक्षा रिकामे असतात. तिन्हींची सरासरी पाहणाऱ्या मापकाला सगळे आलबेल वाटते. एकदा लाल भरून वाहिला की पाकळीवरची शीर आणि शेजारची लव या दोहोंना एकच मूल्य मिळते, आणि आपण ज्याला डाग म्हणता तो तयार होतो. म्हणून जास्वंद, लाल गुलाब आणि गडद झेंडू यांच्यासाठी दुरुस्ती −२/३ ते −१ करावी. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजळपणाचा आलेख (हिस्टोग्राम) तीन रंगांत वेगवेगळा दिसत असेल तर लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली नाही ना, हे पाहावे. रंग भडक करणारी ‘व्हिविड’सारखी पद्धत बंद ठेवावी आणि सोय असेल तर छायाचित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, स्वरूपात साठवावे, कारण त्यात नंतर सुधारायला जागा राहते.

भरपूर ऊन ही फुलांच्या बाबतीत सोय नव्हे. दुपारच्या उन्हात पाकळी चमकते आणि तिची सावली दुसऱ्या पाकळीवर काळी पट्टी ओढते. जुन्या पांढऱ्या धोतराचा हातभर तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर ऊन आणि फूल यांच्यामध्ये धरा; तो फुलाच्या जितका जवळ असेल तितका उजेड मऊ होतो. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की तिकडच्या पाकळ्याही उजळतात. आपल्या छायाचित्रात तगरीवर जी हिरवट झाक आहे, ती बाल्कनीला लावलेल्या हिरव्या शेडनेटची आहे. तेवढी कुंडी जाळीबाहेर सरकवावी.

प्रश्न : सहावी-सातवीच्या मुलांकडून फुलांची छायाचित्रे काढून घ्यायची आहेत. वर्गात पार्श्वभूमी फार गचाळ येते. काय करावे?
— एक चित्रकला शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : फूल खिडकीपासून दोन हातांवर ठेवा, वर्गातले दिवे बंद करा आणि फुलामागे साध्या पुठ्ठ्याचा ताव उभा करा; करडा, काळा किंवा गडद हिरवा. पुठ्ठा फुलापासून निदान दीड-दोन फूट मागे असावा, म्हणजे त्याच्यावर सावली पडत नाही आणि त्याचा पोतही दिसत नाही. बर्लिनमध्ये कलाशिक्षक असलेले कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) विद्यार्थ्यांना निसर्गातले आकार शिकवता यावेत, म्हणून घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने वनस्पतींची छायाचित्रे घेत, ती मूळ आकाराच्या तीसपटीपर्यंत मोठी. त्यांची सामग्री एवढीच होती : दिवसाचा मऊ उजेड, मागे साधा कागद आणि कळी, देठ, वेलीचे वळसे. आपला उद्देश तोच आहे, तेव्हा मुलांना त्यांची छायाचित्रे आधी दाखवावीत. मुले फुलाच्या तोंडाकडेच धावतात; एक तास फक्त फुलाच्या मागच्या बाजूचा, म्हणजे देठ आणि हिरव्या निदलांचा ठेवून पाहा.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या बागेत फुलोरा येईल. द्राक्षाचे फूल लोकांनी पाहिलेले नसते, ते मुलांना दाखवावे असे वाटते. साधी ५० मिमीची लेन्स आहे. गेल्या वर्षी काढली ती छायाचित्रे म्हणजे नुसता हिरवा धूर.
— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. ज्या द्राक्षावर नाशिकचे नाव देशोदेशी पोहोचले, त्याचे फूल नाशिककरांपैकी फार थोड्यांनी निरखून पाहिले आहे. हे फूल उमलते तेही इतर फुलांसारखे नाही. त्याच्या पाच पाकळ्या वरच्या टोकाशी जोडलेल्या असतात. त्या बुडाशी सुटतात आणि हिरवी टोपी उचलल्यासारख्या अख्ख्या गळून पडतात. मग आत दडलेले पाच पुंकेसर बाहेर पसरतात. टोपी अर्धी सुटलेली आणि एका बाजूला कललेली असते, तो क्षण मिळवण्याजोगा आहे.

फूल काही मिलिमीटरचेच, त्यामुळे आपल्या लेन्सला मदत हवी. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, आत काच नसलेली पोकळ नळी मिळते. तिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची नळी बसवली की प्रतिमा मूळ आकाराच्या निम्मी होते, ५० मिमीची बसवली की मूळ आकाराएवढी. नळीत काच नसल्यामुळे चित्राचा दर्जा फारसा उतरत नाही. उजेड मात्र कमी होतो. घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेलीच नळी घ्यावी, नाहीतर ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

हिरव्या धुराची कारणे दोन दिसतात. मांडवाखाली येणारा उजेड पानांतून गाळून आलेला, म्हणून आधीच हिरवा असतो. घडाच्या खाली आणि बाजूला पांढरा पुठ्ठा धरा आणि त्याच पुठ्ठ्यावरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरे ते पांढरेच दिसावे अशी रंगजुळणी) ठरवून घ्या. दुसरे कारण वारा. मांडवाच्या तारेला कपड्यांचा चिमटा लावून घडाचा देठ हलकेच आधारला, तर झोका थांबतो. चिमटा देठाला आवळू नये, नुसता टेकवावा. छाटणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी, म्हणजे वाण आणि हवामान यांप्रमाणे बहुधा नोव्हेंबरात, फुलोरा येतो आणि तेव्हाच्या सकाळी आपल्याकडे हवा अगदी पडलेली असते. साडेसात ते नऊ ही वेळ राखून ठेवा. फवारणीच्या आदल्या दिवशी छायाचित्रे घ्यावीत, कारण औषधाचा सुकलेला थेंब साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण या आकारात तो चुन्याच्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. दव पडलेले असेल तर ते तसेच घ्या. बाटलीने पाणी शिंपडून किंवा ग्लिसरिन लावून दव उभे करणे मला पटत नाही, आणि फुलोऱ्यातल्या घडावर तर ते नकोच.

प्रश्न : भाद्रपदात आम्ही मित्र आंजनेरीच्या पठारावर जातो. फुले जमिनीलगत, बोटाच्या पेराएवढी. कितीही वाकले तरी वरून काढल्यासारखेच दिसते. सोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत. दुसऱ्यातील जांभळे फूल कोणते?
— एक कारखाना कर्मचारी, सातपूर

उत्तर : वरून पाहिले की फुलामागे चिखल आणि गवत येते, फुलाच्या उंचीवर उतरले की त्याच्यामागे दूरचा डोंगर आणि ढग येतात. यासाठी ट्रायपॉड चढवून नेण्याची गरज नाही. जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून तिच्यात किलोभर हरभरे भरा. ती खडकावर ठेवली की कॅमेरा तिच्यात बसतो आणि जमिनीपासून चार बोटांवर स्थिर राहतो. कॅमेऱ्याचा पडदा वर वळत असेल तर झोपावेही लागत नाही. वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरायला मित्राला सांगा. भाद्रपदात ती सोबत असतेच.

आता जे सांगतो ते छायाचित्रापेक्षा महत्त्वाचे मानावे. आंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तेथे सेरोपेजिया आंजनेरिका ही कंदीलपुष्पाच्या कुळातली, त्या डोंगराचेच नाव मिळालेली अतिशय दुर्मीळ वनस्पती वाढते. आपण ज्या फुलासाठी गुडघा टेकता, त्याच्या शेजारी गुडघ्याखाली काय चिरडले जाते, हे आधी पाहिले पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी एका पठारावर मी एका फुलाचे मनासारखे छायाचित्र घेऊन उठलो आणि जेथे कोपर टेकले होते, तेथे त्याच जातीची तीन रोपे मातीत रुतलेली दिसली. ते छायाचित्र मी कोठेही छापायला दिले नाही. तेव्हापासून उघडा खडक असेल तेथेच बसतो, आणि बसायला खडक नसेल तर ते फूल नुसते पाहून पुढे जातो. चौकटीत येणारे गवताचे पाते उपटू नये, दुसऱ्या काडीने बाजूला वाकवून धरावे. दुर्मीळ फुलाचे छायाचित्र इतरांना पाठवताना नेमकी जागा सांगू नये आणि फोनमधली ठिकाणाची नोंदही काढून टाकावी.

आपल्या पहिल्या छायाचित्रातील पिवळी फुले सोनकीची आहेत आणि ते छायाचित्र चांगले आहे. फक्त उजव्या कोपऱ्यातला पांढरा दगड डोळा ओढतो, कॅमेरा हातभर डावीकडे नेला असता तर तो फुलामागे गेला असता. दुसऱ्यातील जांभळे फूल म्हणजे सीतेची आसवे. ओल्या खडकावरच्या पातळ मातीत हे उगवते आणि मातीतल्या फुग्यांसारख्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडते. याची काडी इतकी नाजूक असते की आपल्या श्वासानेही ती हलते. म्हणून शटर दाबण्यापूर्वी श्वास सोडून क्षणभर थांबावे, आणि फोकस वरच्या जांभळ्या पाकळीवर न ठेवता खालच्या ओठावरच्या उंचवट्यावर ठेवावा.